पोलीसप्रमुखाची खुर्ची किती वर्षांची?

२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात काश पटेल यांची अमेरिकेच्या एफ. बी. आय. या तपास-संस्थेच्या संचालकपदी नेमणूक झाली. भारतीय वंशाच्या माणसाला हा मान प्रथमच मिळाला. त्यांचे घराणे गुजराती, पूर्व आफ्रिकेतून पुढे गेलेले. शपथही त्यांनी भगवद्गीतेवर हात ठेवून घेतली. आपले पूर्वजही समुद्र ओलांडूनच इथे आले, तेव्हा आपणांस याचे कौतुक वाटणे साहजिक आहे. परंतु त्या खुर्चीचा इतिहास कौतुकाहून अधिक काही शिकवतो.

अमेरिकेत सबंध देशाचे असे एकच पोलीस दल नाही. शहरांचे पोलीस निराळे, संस्थानांचे निराळे. शेरीफ तर बहुतेक ठिकाणी मतदानाने निवडले जातात. देशाच्या कायद्याखालील मोठ्या गुन्ह्यांचा तपास मात्र मुख्यतः एफ. बी. आय. कडे असतो.

१९२४ साली जे. एडगर हूवर या २९ वर्षांच्या तरुणाकडे तिची सूत्रे आली आणि १९७२ साली मृत्यूनेच ती सोडवली. अठ्ठेचाळीस वर्षे! राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले, हूवर तिथेच राहिले. त्यांनी संस्थेला शिस्त लावली, शास्त्रीय तपासाची सोय केली. पण मार्टिन ल्यूथर किंगसारख्या नेत्यावरही पाळत ठेवली. ज्याला कोणी हलवू शकत नाही, त्याला कोणी जाब विचारू शकत नाही, हेच खरे.

त्यांच्यानंतर उलट अनुभव आला. हंगामी प्रमुख पॅट्रिक ग्रे यांनी वॉटरगेट प्रकरणाच्या तपासाचे कागद राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या वकिलाच्या हाती दिले. ते उघडकीस आले आणि १९७३ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. एक प्रमुख कोणालाच जुमानत नव्हता, दुसरा वरच्यांना फारच जुमानत होता.

या दोन्ही दोषांवर अमेरिकेने उपाय शोधला. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवावे आणि सिनेटने संमती द्यावी, हा नियम १९६८ मध्येच झाला होता. १९७६ मध्ये एकच दहा वर्षांची मुदत ठरली. राष्ट्राध्यक्ष दोनदा निवडून आला तरी आठ वर्षेच राहतो. संचालक त्याच्याही पुढे टिकावा, म्हणजे तो कोणा एकाचा माणूस होणार नाही.

पण कायद्यात एक फट राहिली. मुदतीपूर्वी काढण्यास राष्ट्राध्यक्षांना मनाई नाही. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी सेशन्स यांना आणि २०१७ मध्ये ट्रम्प यांनी कोमी यांना बडतर्फ केले. क्रिस्टोफर रे यांनी मुदतीची दोनाहून अधिक वर्षे शिल्लक असताना जानेवारी २०२५ मध्ये पद सोडले. या नियमानंतर दहा वर्षे पुरी करणारे एकटे रॉबर्ट म्युलर. त्यांना काँग्रेसने २०११ मध्ये आणखी दोन वर्षे दिली. सिनेटचे एकमतही ओसरले. २००१ मध्ये म्युलर यांना ९८ विरुद्ध शून्य मते पडली, पटेल यांना ५१ विरुद्ध ४९.

भारतातही सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितले, की राज्याच्या पोलीस महासंचालकास किमान दोन वर्षे मिळावीत आणि निवड लोकसेवा आयोगाने ठरवलेल्या तीन नावांतून व्हावी. आपल्या मॉरिशसच्या १९६८ च्या संविधानानेही पोलीस कमिशनरची नेमणूक प्रधानमंत्र्यांच्या हाती न देता, त्यांचा केवळ सल्ला घेणाऱ्या आयोगाकडे सोपवली.

कागदावरील कुंपण सर्वत्र आहे. ते राखण्याचे काम जागरूक नागरिकांचे. म्हणून पुढे कोणी पोलीसप्रमुख झाला, की तो कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा एवढेच विचारून आपण थांबू नये. त्याला कोणी नेमले आणि कोण काढू शकतो, हेही विचारावे.