अब्बूंची भिंगरी

दर रविवारी जोहरच्या नमाजनंतर जुन्या नाशिकमधल्या आमच्या घरी प्रयोगांचा तास भरतो. कागदाची लांबट पट्टी वरून अर्ध्यापर्यंत मधोमध कापायची. एक पंख पुढे, एक मागे दुमडायचा, खाली क्लिप लावायची. गच्चीवरून सोडली की भिंगरी गरगरत उतरते. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या अशाच खेळण्यांतून मुलांना विज्ञान शिकवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आमची अडचण एकच, अब्बू! सर्वांत सावकाश उतरणारी भिंगरी त्यांचीच हवी. एकदा त्यांनी पंख वाढवले, कागद बदलला, क्लिपही हलकी लावली आणि जिंकले. लेकीने विचारले, "यातल्या कशामुळे?" अब्बूंना सांगता येईना. ती कात्री ठेवून उठली. "नेहमी तुम्हीच जिंकता, मग मी कशाला करू?"

तेव्हा आम्ही तिला इब्न अल-हैसम यांची गोष्ट सांगितली. हजार वर्षांपूर्वी त्यांनी अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर, बाहेर काही दिवे ठेवले. एक दिवा झाकला की आत भिंतीवरचा त्याचा तेवढाच ठिपका नाहीसा होई.

आता घरचा नियम ठरला: आधी अंदाज सांगायचा, मग एका वेळी एकच बदल. "लांब पंख हवा जास्त अडवतील," लेक म्हणाली. तसेच झाले. वेळ मोजणारे अब्बू हरले आणि लगेच नवा कागद घेऊन बसले. मात्र या वेळी त्यांनी आधी विचारले, "बेटा, आता काय बदलू या?"