पदव्युत्तर शिक्षणाची निवड: काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

पिंपरी, भोसरी, तळवडे आणि चाकण येथील कारखान्यांत नोकरी करणाऱ्या पदवीधर तरुणांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मनात पदव्युत्तर शिक्षणाविषयी जे समज रूढ झाले आहेत, त्यांपैकी बहुतेक एकाच भ्रमातून उद्भवलेले आहेत. तो भ्रम असा की, एम.ए., एम.एस्सी. अथवा एम.ई. करू इच्छिणारा विद्यार्थी विद्यापीठ निवडत असतो. वास्तविक तो एक विभाग निवडत असतो: तेथील चार-सहा अध्यापक, तेथील प्रयोगशाळा, तेथे खरोखर शिकवले जाणारे विषय. प्रमाणपत्रावर नाव विद्यापीठाचे उमटते. विद्या मात्र या लहानशा परिघातूनच मिळते.

गणेशखिंडीतील पुणे विद्यापीठाच्या आवारात प्रवेश मिळाला नाही म्हणजे विद्यापीठाची पदवी हुकली, असे मानणारे पुष्कळ आहेत. १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झालेले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ज्याचे पहिले कुलगुरू होते आणि २०१४ पासून जे सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करते, ते हे विद्यापीठ पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांतही पसरलेले आहे. आकुर्डीच्या वा राजगुरुनगरच्या संलग्न महाविद्यालयात एम.कॉम. करणाऱ्यास पदवी याच विद्यापीठाची मिळते. परंतु यावरून ‘पदवी एक, म्हणून शिक्षणही एक’ असा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे आहे. संलग्न महाविद्यालयात अभ्यासमंडळाने आखलेला अभ्यासक्रम आणि विद्यापीठाची परीक्षा असते. आवारातील विभाग आपला अभ्यासक्रम व मूल्यमापन बव्हंशी स्वतः ठरवतात. आणि स्वायत्त महाविद्यालयांची तऱ्हा पुन्हा तिसरी. यांपैकी आपण कोणत्या व्यवस्थेत शिरत आहोत, याची खातरजमा प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वी करावी.

विद्यापीठाच्या क्रमांकाने दिपून जाण्याचेही असेच. २०२४ साली केंद्र सरकारच्या क्रमवारीत राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या नव्या वर्गात पुणे विद्यापीठाचा क्रमांक तिसरा होता, हे अभिमानास्पद खरे. पण तो समग्र संस्थेचा क्रमांक आहे, आणि ज्या विभागात आपण दोन वर्षे बसणार त्याविषयी तो काहीही सांगत नाही. उलट जे विभाग या औद्योगिक पट्ट्याच्या अगदी निकटचे, त्यांची नावेही येथील घरांत पोहोचत नाहीत. वाहनांच्या कारखान्यात संवेदक आणि नियंत्रक यंत्रणा दररोज हाताळणाऱ्या कितीतरी विज्ञान पदवीधरांना गणेशखिंडीत इलेक्ट्रॉनिक सायन्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन सायन्स यांच्या पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे याची वार्ता नसते, आणि बी.एस्सी. नंतर एम.बी.ए.वाचून गती नाही अशा समजुतीने ते आपल्या हातातल्या कौशल्याला स्वतःहून पारखे होतात. याचे मला मनापासून दुःख वाटते.

ज्या विषयात पदवी त्याच विषयात पुढे जाता येते, हा समज तर आता नियमांनीच मोडीत काढला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यानुसार प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास पदवीचा विषय भिन्न असला तरी अन्य शाखेत पदव्युत्तर प्रवेशाची वाट मोकळी आहे. अर्थात प्रत्येक विभागाच्या पात्रतेच्या अटी निराळ्या असल्याने माहितीपत्रक बारकाईने वाचणे भाग आहे.

सर्वांत अधिक हानी मात्र नोकरीसंबंधीच्या गैरसमजांनी होते. एका बाजूस, नोकरी सोडल्याखेरीज पदव्युत्तर पदवी अशक्य आणि दूरशिक्षणाची पदवी निरुपयोगी, असे ठामपणे सांगितले जाते. परंतु मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पुणे विद्यापीठाची मुक्त अध्ययन प्रशाला आहे, आणि १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हेच कार्य करीत आले आहे. मान्यता मात्र संस्थेप्रमाणेच त्या विशिष्ट अभ्यासक्रमालाही असावी लागते, आणि अभियांत्रिकीची पदवी या मार्गाने मिळतच नाही. दुसऱ्या बाजूस, ‘नाव नियमित वर्गात घाला, हजेरीचे आम्ही पाहू, तुम्ही केवळ परीक्षेस या’ अशी तजवीज सुचविणारे मध्यस्थ भेटतात. तीन पाळ्यांत राबणाऱ्या, चाकणहून नाशिक फाट्याची कोंडी ओलांडण्यातच दिवसाचा मोठा भाग वेचणाऱ्या तरुणास ही सूचना मोहक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि नियमित अभ्यासक्रमास पंचाहत्तर टक्के उपस्थितीची अट आहे, आणि खोट्या हजेरीवर उभी राहिलेली पदवी पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत त्या तरुणाच्याच गळ्याशी येते, मध्यस्थाच्या नव्हे. त्यातच नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर पहिल्या वर्षात संशोधनपद्धती आणि कार्यप्रशिक्षण यांना प्रत्येकी चार श्रेयांक दिले असून दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आहे; हे काही परीक्षेच्या आदल्या रात्री उरकता येण्यासारखे नाही. ज्याला दोन वर्षे निभत नाहीत, त्यास पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण करून पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे.

सरकारी विद्यापीठ म्हणजे स्वस्त, ही समजूतही सरसकट खरी नाही. अनुदानित आणि विनाअनुदानित अभ्यासक्रम एकाच महाविद्यालयात, कित्येकदा एकाच मजल्यावर चालतात आणि त्यांच्या शुल्कात मोठी तफावत असते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. आपला अभ्यासक्रम तिच्या यादीत आहे किंवा नाही, हे मात्र आधीच विचारावे. विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेस कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आहे, आणि मराठवाड्याहून वा विदर्भातून एकट्याने आलेल्या मुलाने तिचा लाभ घेण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

म्हणून विभागात प्रत्यक्ष जावे. माहितीपत्रकात छापलेल्या वैकल्पिक विषयांपैकी गतवर्षी कोणते खरोखर शिकवले गेले, मागील तुकडीने कोणते प्रकल्प केले, कायम अध्यापक किती, तासिका तत्त्वावरील किती, हे तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावे; ते निःसंकोच सांगतात. आणि ही भेट हिवाळ्यातच घ्यावी, कारण आवारातील विभागांच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज बहुधा पदवीचा अंतिम निकाल लागण्यापूर्वीच मागविले जातात, आणि निकालानंतर चौकशीस येणाऱ्यास मुदत उलटून गेल्याचेच ऐकावे लागते.