शर्यतीतली शिक्षा कशाची: धडकेची की निर्णयाची?

नवरात्र सुरू झाले की नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढणारा घाट खासगी गाड्यांना बंद होतो आणि भाविक एसटीने वर जातात. वणी, नांदुरी, कळवण भागात हे आता अंगवळणी पडले आहे. या बंदीसाठी दरवर्षी आधी एखादी गाडी दरीत कोसळावी लागत नाही. वळणे अवघड आहेत, गर्दी अफाट आहे, खानदेशातून पायी आलेली माणसे रस्त्यावर आहेत. एवढ्यावरून धोका किती ते कळते आणि निर्णय होतो. मोटार शर्यतीत बेदरकार चालकाला शिक्षा करताना मात्र नेमकी हीच गोष्ट वारंवार निसटत आली आहे. चालकाने काय केले यापेक्षा त्यातून पुढे काय घडले, कोण जखमी झाले, अजिंक्यपद कोणाकडे गेले, यावरच तिथे शिक्षेचे माप ठरत आले. माझे म्हणणे असे की शिक्षा चालकाने दुसऱ्यावर लादलेल्या धोक्याला व्हायला हवी, मग धडक बसो वा न बसो. आणि ती अशी हवी की तो धोका लादून मिळवलेला फायदा चालकाच्या हाती उरू नये. एवढे झाले तरच ट्रॅकवरच्या खिलाडूवृत्तीबद्दल बोलण्यात अर्थ आहे.

फॉर्म्युला वनमधले तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले की मुद्दा लख्ख दिसतो. १९९० मध्ये जपानच्या सुझुका ट्रॅकवर आयर्टन सेनाने पहिल्याच वळणावर ॲलन प्रॉस्टच्या गाडीत आपली गाडी घुसवली. दोघेही बाद झाले आणि प्रॉस्ट बाद झाल्यामुळेच अजिंक्यपद सेनाकडे गेले. शिक्षा शून्य. वर्षभराने सेनाने स्वतःच कबूल केले की माघार घ्यायची नाही हे त्याने मनाशी आधीच ठरवले होते. १९९४ मध्ये ॲडलेडला मायकेल शूमाकर एका गुणाने पुढे होता. त्याची गाडी भिंतीला घासली, मागून डेमन हिल आतल्या बाजूने आला, दोघांची टक्कर झाली, दोघेही बाद, शूमाकर विजेता. पंचांनी कारवाई केली नाही. शूमाकरच्या हेतूबद्दलचा वाद मात्र आजही मिटलेला नाही. तिसरा प्रसंग २६ ऑक्टोबर १९९७ चा, स्पेनमधल्या हेरेझचा. पुन्हा शूमाकर एका गुणाने पुढे, पुन्हा प्रतिस्पर्धी आतल्या बाजूला, या वेळी जॅक व्हिल्नव. शूमाकरने गाडी त्याच्या अंगावर वळवली, पण खडीत रुतला तो स्वतः. व्हिल्नव तिसरा आला आणि अजिंक्यपद घेऊन गेला. त्या दिवशी पंचांनी याला शर्यतीतली सर्वसाधारण घटना ठरवले. दोन आठवड्यांनी एफआयए या जागतिक महासंघाने शूमाकरचे दुसरे स्थान काढून घेतले आणि पुढच्या वर्षी त्याला रस्ता सुरक्षेच्या मोहिमेत काम करायला लावले. त्या हंगामातले त्याचे विजय मात्र नोंदीत कायम राहिले. या तिन्हींतला सर्वांत उघड आणि ठरवून केलेला प्रकार पहिला होता. शिक्षा झाली ती तिसऱ्याला, ज्याचा डाव फसला त्याला. अशा न्यायातून पुढची पिढी एकच गोष्ट शिकते: डाव साधला पाहिजे.

पूर्वीचे चालक सभ्य होते, त्यांना शिक्षेची गरज नव्हती, असे पुष्कळ जण म्हणतात, आणि त्यासाठी स्टर्लिंग मॉसचे उदाहरण देतात. ते उदाहरण खरोखर थोर आहे. १९५८ च्या पोर्तुगीज शर्यतीनंतर माइक हॉथॉर्नला ट्रॅकवर उलट दिशेने गाडी चालवल्याबद्दल बाद करणार होते. मॉसने पंचांपुढे जाऊन त्याच्या बाजूने साक्ष दिली आणि हॉथॉर्नचे गुण वाचले. त्या हंगामात मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. तरीही मॉसचे अजिंक्यपद एका गुणाने हुकले, आणि नंतरही ते त्याला कधीच मिळाले नाही. पण त्याच हंगामात आणखी काय घडले तेही पाहायला हवे. जुलैत लुइजी मुसो गेला, ऑगस्टमध्ये पीटर कॉलिन्स, ऑक्टोबरमध्ये मोरोक्कोच्या शर्यतीत भाजलेला स्टुअर्ट लुईस-इव्हान्स. दुसऱ्याच्या चाकाला चाक लागले तर आपणही जिवंत राहू याची शाश्वती तेव्हा कोणालाच नव्हती. मॉसचा मोठेपणा त्याने कमी होत नाही, पण त्या काळातला संयम निव्वळ संस्कारातून आलेला नव्हता, तो मृत्यूच्या धाकातूनही आलेला होता. १९८१ मध्ये मॅकलॅरेनने कार्बन फायबरचा सांगाडा आणला, २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती हेलोची कमान आली, आणि तो धाक ओसरला. तो ओसरलाच पाहिजे होता. त्याने कितीतरी जीव वाचले. २०२१ मध्ये मोंझाला व्हर्स्टॅपनची गाडी हॅमिल्टनच्या गाडीवर चढली तेव्हा हेलो नसता तर काय झाले असते, ही कल्पनाही करवत नाही. पण गाडी सुरक्षित झाली की दुसऱ्याला दाबण्याची किंमतही घटते. धाकाने जे काम होत होते ते आता नियमाला करावे लागते, आणि म्हणून आजच्या शिक्षा कालच्यापेक्षा जास्त विचार करून ठरवायला हव्यात.

आजची नेहमीची शिक्षा म्हणजे पाच किंवा दहा सेकंद. धडकेचे परिणाम बाजूला ठेवून फक्त कृतीचा विचार करायचा, असे धोरण पंच आता सांगतात, आणि तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. अडचण मापात आहे. जुलै २०२१ मध्ये सिल्व्हरस्टोनला कॉप्स या अतिवेगाच्या वळणावर हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन यांची टक्कर झाली. व्हर्स्टॅपनला तपासणीसाठी रुग्णालयात न्यावे लागले. हॅमिल्टनला दहा सेकंदांची शिक्षा झाली, आणि ती भोगूनही त्याने ती शर्यत जिंकली. तेव्हा अनेकांची मागणी होती की चालक रुग्णालयात गेला म्हणून शिक्षा वाढवावी. मला ती मागणी चुकीची वाटते, कारण मग तीच चूक करून समोरचा सुखरूप सुटला तर शिक्षा कमी करावी लागेल. वेगवान गाडीच्या चालकाला दहा सेकंद म्हणजे टोलनाक्यावर पैसे भरून पुढे निघून जाणे असते, हे खरे दुखणे आहे. मार्च २०२४ मध्ये जेद्दाला हे आणखी उघडे पडले. हास संघाच्या केविन मॅग्नुसनला दोन वेगवेगळ्या कारणांनी मिळून वीस सेकंदांची शिक्षा झाली. गुण मिळवण्याची त्याची आशा संपली होती. मग त्याने मागच्या गाड्यांना अडवून धरले, तेवढ्यात त्याच्या संघातला निको हुल्केनबर्ग पुरेसा पुढे गेला आणि दहावा येऊन संघाला एक गुण मिळवून दिला. शिक्षा एकाच्या खात्यावर पडली, फायदा संघाच्या पदरात. वेळेच्या शिक्षेला हे दिसत नाही, कारण ती त्या एका शर्यतीपुरतीच विचार करते.

दंडगुणांची पद्धत त्यामानाने दूरचे पाहते. २०१४ पासून फॉर्म्युला वनच्या चालकाच्या परवान्यावर हे गुण चढतात आणि बारा महिन्यांत बारा झाले की एका शर्यतीची बंदी येते. जेद्दाच्या हिशेबात साधलेल्या मॅग्नुसनला या पद्धतीने सप्टेंबरमध्ये गाठले. मोंझाला प्रतिस्पर्धी गॅस्लीच्या गाडीला तो लागला, दोन गुण चढले, बारा पूर्ण झाले आणि बाकूच्या शर्यतीत त्याच्या गाडीत ऑलिव्हर बेअरमन बसला. मोंझाचा तो धक्का किरकोळ होता, तेवढ्यासाठी बंदी म्हणजे अन्याय, असे तेव्हा म्हटले गेले. पण बंदी त्या धक्क्याची नव्हतीच, ती वर्षभराच्या सवयीची होती. सवय मोजणारी शिक्षा चालकाला आधीच थांबवते, हे त्यानंतरच्या वर्षी दिसले. १ जून २०२५ ला बार्सिलोनात व्हर्स्टॅपनने जागा सोडण्यासाठी गाडी हळू केली आणि मग जॉर्ज रसेलच्या गाडीला ती भिडवली. दहा सेकंदांमुळे तो पाचव्यावरून दहाव्या क्रमांकावर गेला, आणि तीन दंडगुणांमुळे त्याची बेरीज अकरा झाली. दुसऱ्या दिवशी त्याने जाहीरपणे मान्य केले की ते बरोबर नव्हते, घडायला नको होते. पुढच्या शर्यतींत, जुने गुण गळून पडेपर्यंत, त्याच्या खात्यावर एकही नवा गुण चढला नाही. हा माणूस लढायचे विसरला नव्हता. कॅनडात तो दुसरा आला.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की शिक्षेच्या भीतीने शर्यत निर्जीव होईल. कोणी कोणाला ओलांडायला धजावणार नाही, आणि प्रेक्षक काय गाड्यांची मिरवणूक पाहायला येतात का? या आक्षेपाला उत्तर १९७९ च्या फ्रेंच शर्यतीत आहे. दिजॉंला दुसऱ्या क्रमांकासाठी जिल व्हिल्नव आणि रेने आर्नू यांनी शेवटच्या फेऱ्यांत जी झुंज दिली, तिच्याइतकी चुरशीची झुंज शोधून सापडणार नाही. चाकांना चाके लागली, गाड्या ट्रॅकच्या कडेबाहेर गेल्या, पुन्हा आत आल्या, पण कोणी कोणाला उडवले नाही. समोरचा शेवटच्या क्षणी जागा सोडेल असा विश्वास दोघांनाही होता, म्हणून ते इतक्या जवळ येऊ शकले. तो विश्वास नसेल तर शहाणा चालक आधीच मागे राहतो आणि शर्यत खरोखर निर्जीव होते. दुसरा आक्षेप हेतूचा: चालकाच्या मनात काय होते हे पंचांना कसे कळणार? मनात शिरायची गरजच नाही. ब्रेक कधी दाबला, स्टिअरिंग किती वळवले, पाय ॲक्सिलरेटरवरून उठला की नाही, याची क्षणाक्षणाची नोंद आज गाडीतच असते. वळणावर कोणाला जागा मिळायला हवी याचे ठोकताळेही एफआयएने जून २०२५ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यावरून निर्णय कसा होता ते ठरवता येते. हेतू मनातच राहू द्यावा.

कृतीला शिक्षा म्हणजे काय, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मोटारसायकलींच्या शर्यतीत मिळते. सप्टेंबर २०१८ मध्ये इटलीतल्या मिझानोला मोटो-टू गटाच्या शर्यतीत रोमानो फेनातीने भरधाव असताना हात लांब करून शेजारच्या स्टेफानो मान्झीचा ब्रेक ओढला. मान्झी पडला नाही. कोणालाही खरचटलेसुद्धा नाही. तरी फेनातीला शर्यतीतून काढले, त्याच्या संघाने त्याला घरी पाठवले आणि उरलेल्या वर्षासाठी त्याचा परवाना गेला. याच्या उलट २०१२ मध्ये बेल्जियममधल्या स्पा येथे रोमां ग्रोज्याँवर एका शर्यतीची बंदी आणि ५० हजार युरोंचा दंड लावताना पंचांनी आपल्या कारणांत हेही लिहिले की या अपघाताने अजिंक्यपदाचे प्रमुख दावेदार शर्यतीबाहेर गेले. ते वाक्य तिथे नको होते. मागच्या फळीतले नवखे चालक उडाले असते तर काय धोका कमी ठरला असता?

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. बैलगाडा शर्यतींच्या प्रकरणात आपण तो मोठी किंमत मोजून स्वीकारला आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या नव्या व्यवस्थेत काठी, चाबूक, विजेचा धक्का देणारी साधने यांना मज्जाव आहे आणि नियम मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बैलाला जखम झाली की नाही, हा प्रश्न तिथे नंतर येतो. काठी उगारणे हाच अपराध आहे. शर्यत वाचली ती या बदलामुळे. मोटार शर्यतींचे जगही आपल्यापासून लांब नाही. नाशिकच्या रस्त्यांवर राष्ट्रीय अजिंक्यपदाची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ झाली आहे, इथे सुपरक्रॉसच्या राष्ट्रीय फेऱ्या झाल्या आहेत, आणि कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर शाळकरी मुले कार्टिंग शिकतात. कार्टिंगमध्येच ही सवय लागते किंवा बिघडते. मुलाने दुसऱ्याला ट्रॅकबाहेर ढकलून करंडक आणला आणि घरी त्याचे कौतुक झाले, तर पुढे कोणताही पंच त्याला दहा सेकंदांत सुधारू शकणार नाही. म्हणून करंडकापेक्षा त्याच्या वागण्याची नोंद जपावी, आणि ती त्याच्याबरोबर एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर जावी.

उरतो तो आपला नेहमीचा रस्ता, दिंडोरी, वणी आणि पुढे सापुताऱ्याकडे जाणारा. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमानुसार धोकादायक पद्धतीने गाडी चालवण्याला पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावणे १८९ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्याच गाडीखाली माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेचे १०६ वे कलम पाच वर्षांपर्यंत कैद सांगते. मरण घडले की शिक्षा वाढणे समजण्यासारखे आहे, कारण एक कुटुंब उद्ध्वस्त झालेले असते. पण वळणावर समोरून येणाऱ्याला कट मारून शंभर वेळा सुखरूप सुटलेल्या माणसाला आपली व्यवस्था शंभर वेळा दंडाची पावती देऊन सोडते, आणि एकशे एकाव्या वेळी सगळे हळहळतात. त्याला आधी गाठण्याची सोय कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याचेच १९ वे कलम परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला सांगते की चालकाच्या पूर्वीच्या वागण्यावरून त्याचे गाडी चालवणे लोकांना धोक्याचे ठरेल असे दिसत असेल, तर त्याचे म्हणणे ऐकून घेऊन परवाना काढून घेता येतो. त्यासाठी अपघात व्हावा लागेल, अशी अट त्या कलमात नाही.