व्यंगचित्रांचा धाक

लेखाला लेखाने उत्तर देता येते, भाषणाला भाषणाने. परंतु हास्याला उत्तर देणे मोठे कठीण. ज्यांच्या हाती सैन्य, न्यायालये आणि तुरुंग होते, अशा सत्ताधीशांनाही एकोणिसाव्या शतकात कागदावरच्या चार रेषांचे भय वाटू लागले. त्या भयाची ही कथा आहे.

व्यंगचित्र म्हणजे केवळ वेडेवाकडे चित्र नव्हे. चित्रकार एखाद्या व्यक्तीच्या रूपातील किंवा वागणुकीतील एखादा विशेष हेरतो, तो हेतुतः वाढवून दाखवतो आणि त्या मिषाने तिच्या कृतीवर भाष्य करतो. चित्र समजण्यास अक्षरओळख लागत नाही. म्हणूनच ज्या घरी वृत्तपत्र पोहोचत नसे, तेथेही चित्राचा विनोद पोहोचत असे.

शतकाच्या आरंभी इंग्लंडात जेम्स गिलरे हा चित्रकार प्रसिद्ध होता. तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरी. त्यांचे छाप लंडनमधील एका दुकानाच्या काचेमागे लावले जात आणि ते पाहण्यास वाटसरूंची दाटी होई. १८०५ मधील त्याच्या एका चित्रात इंग्लंडचा प्रधानमंत्री पिट आणि फ्रान्सचा सम्राट नेपोलियन एका मेजाशी बसले आहेत. समोरच्या थाळीत पृथ्वीचा गोल मिठाईप्रमाणे वाफाळत आहे आणि दोघेही आपापला वाटा कापून घेत आहेत. राज्यतृष्णेचे एवढे नेमके वर्णन ग्रंथातही क्वचितच सापडेल. याच गिलरेने नेपोलियनला बुटका आणि आदळआपट करणारा असा रंगविला. वस्तुतः नेपोलियनची उंची सुमारे १६८ सेंटिमीटर, म्हणजे त्या काळच्या सामान्य फ्रेंच माणसाइतकी होती. तरीही जगाच्या स्मरणात तो बुटकाच राहिला!

पुढे शिळाछापाचे तंत्र रूढ झाले. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढावे, दगड ओला करावा आणि त्यावर शाई फिरवावी. ओल्या भागावर शाई धरत नाही, तेलकट रेषेवर मात्र धरते. कोरण्याचे कष्ट वाचल्यामुळे चित्रे झपाट्याने निघू लागली. पॅरिसमध्ये या तंत्राला योग्य संधी लाभली.

१८३० च्या जुलै महिन्यात तेथे क्रांती होऊन लुई फिलिप राजपदावर आला. मुद्रणस्वातंत्र्याचे अभिवचन त्याने दिले होते. परंतु ते फार काळ टिकले नाही. शार्ल फिलिपाँ या संपादकाने त्याच वर्षी ‘ला कारिकात्यूर’ हे सचित्र साप्ताहिक काढले होते. १८३१ साली राजाचा उपमर्द केल्याबद्दल त्याच्यावर खटला भरण्यात आला. न्यायालयात फिलिपाँने चार आकृत्या सादर केल्या. पहिलीत राजाचा चेहरा होता. पुढच्या दोहोंत तो क्रमाक्रमाने बदलत गेला आणि चौथीत वर निमुळते, खाली फुगीर असे नाशपातीचे फळ तेवढे उरले! त्याचा युक्तिवाद असा, की राजाशी साम्य असणे हाच अपराध असेल, तर या फळालाही शिक्षा करावी लागेल. न्यायालयास हे पटले नाही. सहा महिन्यांची कैद आणि दोन हजार फ्रँक दंड अशी शिक्षा त्याला झाली. परंतु नाशपाती एव्हाना न्यायालयाबाहेर पडली होती. पॅरिसच्या भिंतींवर ती खडूने काढलेली दिसू लागली. १८३४ मध्ये फिलिपाँच्याच ‘ल शारिवारी’ या दैनिकास आपल्याविरुद्धचा निकाल छापणे भाग पडले, तेव्हा त्याने निकालाच्या ओळी नाशपातीच्याच आकारात जुळविल्या.

ओनोरे दोमिये हा फिलिपाँचा सर्वश्रेष्ठ सहकारी. त्याने राजाला गार्गान्तुआ या कथेतील खादाड राक्षसाच्या रूपात दाखविले. गरिबांकडून गोळा केलेले पैसे टोपल्यांतून त्याच्या मुखात ओतले जात आहेत आणि आसनाखाली आश्रितांना पदव्या व सनदा मिळत आहेत, असे ते चित्र. त्यासाठी दोमियेला १८३२ साली तुरुंगात जावे लागले. अखेर १८३५ मध्ये सरकारने कायदाच केला. छापील मजकुरास पूर्वपरवानगी नको होती. चित्रास मात्र ती आवश्यक ठरली. शब्दांपेक्षा रेषेचा धाक मोठा होता, याची ही सरकारनेच दिलेली पावती होय. दोमिये मग वकील, न्यायाधीश आणि व्यापारी यांच्या ढोंगांकडे वळला. राजाला मात्र १८४८ च्या क्रांतीत सिंहासन सोडून इंग्लंड गाठावे लागले.

अमेरिकेत हेच कार्य थॉमस नास्टने केले. न्यूयॉर्क शहराचा कारभार विल्यम ट्वीड नावाच्या पुढाऱ्याने व त्याच्या टोळीने मुठीत ठेवला होता. न्यायालयाच्या इमारतीसारख्या कामांची फुगविलेली बिले मंजूर होत आणि सार्वजनिक पैसा खाजगी खिशांत जाई. १८७१ मध्ये एका वृत्तपत्राने हे हिशेब उघडे केले आणि नास्टने ‘हार्पर्स वीकली’मधून त्यांना चेहरे दिले. त्याच्या एका चित्रात ही सारी मंडळी वर्तुळाकार उभी असून, लोकांचा पैसा कोणी चोरला या प्रश्नाला उत्तर म्हणून प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बोट दाखवीत आहे. त्याच वर्षीच्या निवडणुकीत टोळीचा पाडाव झाला. ट्वीड कैदेत असता १८७५ साली निसटला. परंतु पुढल्या वर्षी स्पेनमध्ये पकडला गेला. तेथे त्याची ओळख पटविण्यास नास्टचे व्यंगचित्रच उपयोगी पडले, असे सांगतात. १८७८ मध्ये ट्वीड कारागृहातच मरण पावला.

मुंबईतही १८५४ साली ‘पारसी पंच’ हे विनोदी पत्र निघाले व पुढे ते ‘हिंदी पंच’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

या शस्त्राला दुसरीही धार आहे, हे मात्र विसरता कामा नये. ज्या नास्टने भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणला, त्यानेच आयरिश स्थलांतरितांना माकडांसारखे रंगवून एका दुबळ्या समाजाची सरसकट हेटाळणी केली. बलवानाच्या अपराधावर हसणे आणि दुर्बलाच्या जन्मावर हसणे यांत महदंतर आहे. पहिल्या हास्याने समाज जागा होतो. दुसऱ्याने तो निष्ठुर होतो. व्यंगचित्र पाहून हसू आले, तर अवश्य हसावे. परंतु आपण कोणाला आणि कशासाठी हसलो, हे क्षणभर थांबून स्वतःला विचारावे.