ओली विकावी की वाळवून? मिरचीचे गणित



हंगामात नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते. व्यापारी माल घेतात आणि शहराभोवतालच्या पथाऱ्यांवर वाळवतात. तोच माल आपण घरच्या खळ्यावर वाळवला तर चार पैसे जास्त सुटतील, असे पुष्कळांच्या मनात येते. कधी सुटतात, कधी पदरचे जातात. यात नशिबाचा भाग थोडा आणि हिशेबाचा फार. आणि तो हिशेब शाळेच्या बीजगणितात ‘मिश्रणाची उदाहरणे’ म्हणून शिकवतात तोच आहे.

मिरची म्हणजे मिश्रण कसे, असे विचाराल. पाणी आणि कोरडा भाग यांचे मिश्रण. ओल्या लाल मिरचीत साधारण शेकडा ६५ ते ८० भाग पाणी असते, साठवणीच्या वाळलेल्या मिरचीत सुमारे १०. समजा, तुमच्या मिरचीत ७५ टक्के पाणी आहे. क्विंटलभर वाळवली तर किती उरेल? पुष्कळ जण चटकन सांगतात की ७५ चे १० झाले, ६५ किलो गेले, ३५ उरले. गाडे अडते ते इथेच. ते ७५ टक्के शंभर किलोंचे आहेत आणि १० टक्के उरलेल्या मालाचे. त्यांची आपसांत वजाबाकी करता येत नाही.

तेव्हा उन्हाने जे बदलत नाही ते धरा. शंभर किलोंत कोरडा भाग २५ किलो, वाळल्यावरही तो २५ च. वाळलेल्या मालाचे वजन क्ष माना. त्यात कोरडा भाग शेकडा ९०, म्हणून ०.९० × क्ष = २५ आणि क्ष = २७.८ किलो. पस्तीस नव्हे, अठ्ठावीससुद्धा पुरते नाहीत!

आता पैशांकडे वळू. ओलीला किलोला ३० रुपये मिळतात असे धरा (भाव रोज बदलतो, हा केवळ उदाहरणापुरता). क्विंटलचे ३,००० झाले. तेवढेच पैसे २७.८ किलोंतून निघायचे तर वाळलेलीला १०८ रुपये भाव हवा. पस्तीस किलोंच्या भरवशावर बसलेला माणूस ८६ रुपयांतच सुटलो म्हणेल आणि ९५ ला खुशीने विकेल. प्रत्यक्षात त्याच्या हाती सुमारे २,६४० रुपये येतील. क्विंटलमागे साडेतीनशेच्या वर गेले, मजुरी वेगळीच.

पाणी ८० टक्के असेल तर १३५ रुपये भाव लागतो, ७० टक्के असेल तर ९० पुरतात. म्हणजे पाणीदार माल ओलाच विकलेला बरा आणि झाडावरच सुकत आलेला वाळवण्याला ठेवावा. दोन तोडे एकत्र झाले तरी घाबरू नका. ७५ टक्के पाण्याची ६० किलो आणि ६५ टक्के पाण्याची ४० किलो, यांचा कोरडा भाग १५ आणि १४ मिळून २९ किलो. वाळून सुमारे ३२ किलो मिरची होईल.

ही युक्ती जुनीच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त सोन्याचे गणित आहे. निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र आटवले, हिणकस जळून वजन घटले, तर उरलेल्याचा कस किंवा वजन कसे काढावे, याची रीत तिथे दिली आहे. जळते ते हीण, सोने तेवढेच राहते. आपल्या खानदेशातच, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे.

पाणी किती हे ओळखण्याला यंत्रच हवे असे नाही. पहिल्या तोड्याच्या वेळी चार-पाच पोत्यांतून मिळून एक किलो मिरची घ्या, वेगळी वाळवा आणि बी खुळखुळू लागले की तोला. २८० ग्रॅम भरली तर क्विंटलला २८ किलो, गणित मांडण्याचीही गरज नाही. उन्हाचे दहा-पंधरा दिवस यात जातात, म्हणून हे पहिल्याच तोड्याला करावे. देठ खुडून विकणार असाल तर देठ काढूनच तोला. वजन तेवढे घटते आणि खुडणाऱ्या बायांची मजुरीही त्याच हिशेबात धरायची असते.

अवकाळी पाऊस आला तर पथारीवरची मिरची भिजते, रंग उडतो आणि ती फटकीच्या भावात जाते. त्याला समीकरण नाही. झाकायला ताडपत्री नसेल तर वाळवणाचा बेत लहानच ठेवा.