घर राखलं, मग गोठा का नको?

मैत्रिणींनो, जरा डोळे मिटून तुमचं माहेरचं घर आठवा बघू. काय दिसतं? बहुतेकींना दर्शनी ओसरी दिसेल, दारातली तुळस दिसेल. पण आईचा आणि आजीचा सारा दिवस कुठे जायचा हो? मागच्या बाजूला! न्हाणीघर, विहीर, सरपणाची खोपी, गोठा, जातं मांडलेली पडवी, हेच त्यांचं राज्य.

आमच्या माहेरी भावांनी मोठ्या हौसेनं घर दुरुस्त करून घेतलं. ओसरीचे खांब घासून तेल लावून चकचकीत केले, कौलं बदलली, दाराच्या जुन्या कड्या शोधून आणल्या. आणि मागचा गोठा, न्हाणी, सरपणाची खोपी मात्र 'अडगळ' म्हणून पाडून टाकली. आता पाहुणे येतात नि म्हणतात, "काय सुंदर जुनं घर ठेवलंय हो!" मी मागच्या दारात जाऊन उभी राहते, समोर सपाट फरशी दिसते, आणि मनात येतं, अरे, यात आमची आजी कुठे आहे?

ही सल माझ्या मनात होतीच. त्यातच अमेरिकेतल्या जुन्या जंगल ठाण्यांची हकीकत वाचनात आली, आणि वाटलं, ही तुम्हाला सांगायलाच हवी. कारण तिथल्या लोकांनी घराबरोबर मागचा तबेलासुद्धा राखला.

एका खोलीपासून अकरा इमारतींपर्यंत

आपल्याकडे जंगलखात्याचा रेंजर असतो, तसाच तिथेही. सरकारी जंगलाची देखभाल करायची, वणवा विझवायचा, लाकूडतोडीवर नि गुराढोरांच्या चराईवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. सुरुवातीच्या रेंजरला घोडासुद्धा स्वतःचाच आणावा लागे. १८९९ साली मोंटाना राज्यात टटल आणि विल्करसन या दोन रेंजरांनी अल्टा इथे ओंडके रचून एक खोली बांधली, तीही पदरचे पैसे घालून! ती आजही उभी आहे. सरकारी पैशानं बांधलेलं पहिलं ठाणं वायोमिंग राज्यातलं वापिटी, साल १९०३. तिथल्या जंगलखात्याची आजच्या रूपात स्थापना झाली ती त्यानंतर, १९०५ साली.

पुढे काम वाढलं, माणसं वाढली, तशी एका खोलीची वस्तीच झाली. आपल्याकडे घराला मागून पडव्या जोडत जातात ना, तसंच! कचेरी, रेंजरचं घर, हाताखालच्या माणसांची खोली, जेवणघर, घोड्यांचा तबेला, अवजारांचं गोदाम, सरपणाची खोपी, आगीच्या भीतीनं दूर बांधलेली तेलाची कोठी. ओरेगॉन राज्यातल्या माउंट हूड जंगलात क्लॅकमस लेक नावाचं ठाणं आहे. तिथे अशा अकरा इमारती आहेत, बहुतेक १९३०च्या दशकात उठलेल्या.

त्या बांधल्या कोणी, हे ऐका. तो मंदीचा काळ होता. घरोघरी कमावती माणसं बेकार झालेली. १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांची एक सेना उभी केली, हातात बंदूक नव्हे तर कुदळ, फावडं, करवत देऊन. झाडं लावणं, रस्ते काढणं, पूल नि इमारती बांधणं हे त्यांचं काम. महिन्याला तीस डॉलर पगार, आणि त्यातले साधारण पंचवीस परस्पर घरी पाठवायचे असा नियम! म्हणजे पोराच्या हाती पाच, आणि पंचवीस घरच्या चुलीसाठी. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण या कामातून गेले. तेव्हा त्या भिंतींत नुसतं लाकूड नि दगड नाही, कितीतरी आयांच्या घरचा किराणाही आहे.

पगार एकाचा, राबणं दोघांचं

आता खरी गोष्ट. नोकरी नवऱ्याची, पण ठाणं चालवायची ती बायको. रेंजर घोड्यावरून चार-चार दिवस रानात. मागे झाडांना तारा बांधून आणलेला टेलिफोन वाजला की धावायचं तिनं. कुठे धूर दिसला, कोणाला निरोप द्यायचा, हे सगळं तिनं लिहून घ्यायचं. वणवा विझवायला माणसं आली की त्यांच्यासाठी रांधायचं. वरिष्ठ साहेब अवेळी टपकले तर त्यांचंही बघायचं. पाणी भरणं, लाकडं, कोंबड्या, मुलं हे होतंच. आणि या सगळ्याचा पगार? छदामही नाही.

अगदीच कोणी बाई नोकरीत नव्हती असं मात्र नाही. कॅलिफोर्नियात हॅली डॅगेट नावाची धीट बाई १९१३ साली वणव्यावर नजर ठेवायला डोंगरमाथ्यावरच्या खोपटात एकटी राहिली, आणि पुढे पंधरा हंगाम तिनं ते काम केलं. पण रेंजरच्या खुर्चीवर, म्हणजे एका अख्ख्या विभागाची प्रमुख म्हणून, पहिली बाई बसली ती १९७९ साली, कोलोरॅडोत. तिचं नाव वेंडी हेरेट. खात्याच्या स्थापनेपासून तब्बल चौऱ्याहत्तर वर्षांनी!

म्हणजे बघा, नुसती कचेरी जतन केली तर रेंजरांच्या नावांची पाटी राहील, नकाशे राहतील, टेबल-खुर्ची राहील. बायकोची खूण राहते ती स्वयंपाकघरात, सरपणाच्या खोपीत, कोंबड्यांच्या खुराड्यात, कपडे वाळत घालायच्या खांबांत. तीच पाडून टाकली तर पुढच्या पिढीला वाटेल, एक पुरुष आला, टेबलाशी बसला आणि त्यानं जंगल सांभाळलं!

मागच्या इमारती आधी का पडतात?

कारण सरळ आहे. मोटारी आल्या, घोडे गेले, तबेला रिकामा झाला. रस्ते सुधारले, कचेऱ्या गावात हलल्या, ठाणी ओस पडली. मुख्य घराकडे कोणी तरी बघतं. तबेल्याच्या छपराला भोक पडलं तर कोण बघणार? एका पावसाळ्यात वासा कुजतो, दुसऱ्या वर्षी बर्फाच्या ओझ्यानं छप्पर बसतं.

याला उपाय म्हणून दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे १९६६चा कायदा. जुन्या वास्तूंची राष्ट्रीय नोंदवही त्यातून आली. सरकारी खात्याला आपल्या जुन्या इमारतीला हात लावण्यापूर्वी विचार करणं, सल्ला घेणं बंधनकारक झालं. दुसरी गोष्ट मला फार आवडली. त्या नोंदवहीत एकटं घरच नव्हे, तर सबंध परिसर एक म्हणून नोंदवता येतो. क्लॅकमस लेकची १९८१ साली तशीच परिसर म्हणून नोंद झाली. तिथे घर मोठं नि गोदाम धाकटं असा पंक्तिप्रपंच नाही.

निगा राखायची रीत

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतली लाकडी घरं ती, आम्हाला काय उपयोग? पण ऐका तर खरं, त्यांची सगळी रीत आपल्या आज्यांचीच आहे.

छप्पर सगळ्यांत आधी. पैसे थोडे असले तर रंग राहू दे, आधी गळती थांबवा. तिकडे लाकडाच्या फळ्या छपराला असतात. त्यावर साठलेला पाचोळा नि शेवाळ काढत राहावं लागतं. आपण पावसाळ्यापूर्वी कौलं चाळतो, तेच.

पाणी पायापासून लांब. भिंतीला माती चढलेली असेल तर ओढून काढायची. लाकडाला माती लागली की कुजलंच म्हणून समजा. सरपणसुद्धा भिंतीला टेकवून रचायचं नाही.

बदलण्यापूर्वी दुरुस्ती. ओंडक्याचं टोक कुजलं तर अख्खा ओंडका फेकत नाहीत. कुजका भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बेमालूम बसवतात. लुगडं मध्ये विरलं की आपली आजी दंड घालायची, तसंच की नाही?

जुन्या मऊ चुन्याच्या सांध्यात कडक सिमेंट भरायचं नाही. ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही आणि शेवटी विटाच फुटतात. हे आपल्या जुन्या वाड्यांनाही तितकंच लागू आहे बरं का!

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. अमेरिकेत १९९३ साली रानउंदरांपासून माणसाला होणारा फुप्फुसांचा एक जीवघेणा ताप उजेडात आला. तेव्हापासून बंद घर उघडताना आधी दारं-खिडक्या अर्धा तास सताड उघड्या ठेवतात. मग हातमोजे घालून लेंड्यांवर जंतुनाशक पाणी शिंपडतात, पाच मिनिटं मुरू देतात आणि कागदानं टिपून घेतात. आपल्याकडचा आजार तो नसला, तरी माळा साफ करताना ही रीत चांगलीच.

जुना रंग कोरडा खरवडायचा नाही. तिथे घरगुती रंगात शिसं घालायला १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर घातक. रंग ओला करून, मुलांना लांब ठेवून काम करतात.

आणि वणवा जवळ आलाच, तर जुन्या लाकडी घरांना चंदेरी, आगीला दाद न देणाऱ्या कापडात गुंडाळून ठेवतात. आपण डब्यातल्या पोळ्या गुंडाळतो ना, अगदी तशी!

राहतं घर मरत नाही

आता पैशाचं काय? तो तिथेही कमीच पडतो. म्हणून अशी कितीतरी घरं दोन-चार रात्रींसाठी लोकांना भाड्यानं देतात. २००४ सालच्या कायद्यानं अशा शुल्कातला निदान ऐंशी टक्के पैसा जिथे गोळा झाला तिथेच खर्चायची सोय केली. शिवाय माणसं राहिली की चूल पेटते, खिडक्या उघडतात, गळती वेळेवर लक्षात येते. बंद घर आणि न बोलणारं माणूस, दोन्ही आतून खचतात. सुट्टी घेऊन मदतीला येणारे हौशी लोकही आहेत. २००९ साली सुरू झालेली हिस्टोरिकॉर्प्स ही संस्था त्यांना जुन्या हत्यारांनी काम शिकवते, जेवू घालते आणि ठाण्यांची छपरं, ओंडके दुरुस्त करून घेते. त्यात बायकाही असतात, हातात करवत घेऊन.

सगळंच राखता येत नाही, हेही खरं. काही इमारती जातातच. पण जाण्यापूर्वी फोटो काढायचे, मापं घ्यायची, नकाशा करून ठेवायचा, अशी पद्धत तिथे १९३३ सालापासून आहे. तेव्हा सरकारनं बेकार झालेल्या वास्तुतज्ज्ञांना देशभरच्या जुन्या इमारती कागदावर उतरवायला लावलं होतं.

एवढं तर आपणही करू शकतो ना? मागचं काही पाडायची वेळ आलीच, तर आधी फोटो काढा. फूटपट्टी लावून मापं लिहा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला जवळ बसवून विचारा, हे काय होतं, इथे कोण बसायचं, पाणी कुठून यायचं. आणि कधी जुन्या डाक बंगल्यात, जंगलातल्या विश्रामगृहात मुक्कामाला गेलात, तर व्हरांड्यात चहा घेऊन झाल्यावर सहज मागे एक चक्कर मारा. मागच्या वेगळ्या स्वयंपाकघरात वाका नि बघा. तुमचा चहा तिथून आलाय.

आमच्या माहेरी आता विहिरीजवळची धुण्याची शिळा तेवढी उरली आहे. मधोमध घासून घासून पन्हाळ्यासारखी झालेली. परवा भावाला फोन करून सांगितलं, "बाबा रे, ओसरी तुझी, घर तुझं. पण ती शिळा जागची हलवायची नाही."

तो हसला. पण 'बरं' म्हणाला.