शेळी गाभडली, तर कारण मागं शोधा



शेळी गाभडली की आपण विचारतो, "काल काय खाल्लं होतं तिनं? कुणी मारलं का?" पण कधी कधी कारण कालचं नसतं, दोन-तीन महिन्यांपूर्वीचं असतं.

युरोपात असंच झालं. 2011 साली जर्मनी आणि नेदरलँडमधल्या गाईंना ताप आला, दूध आटलं, हगवण लागली. थोड्या दिवसांत गाई बऱ्या झाल्या. नोव्हेंबरात शास्त्रज्ञांना त्यात एक नवाच विषाणू सापडला. जर्मनीतल्या गावावरून त्याला श्मालेनबर्ग नाव पडलं. मग मेंढ्या व्यायला लागल्या, तर कोकरं मेलेली, पाय आखडलेली, मान वाकडी. पुढं वासरंही तशीच जन्मली. वर्षभरात रोग अनेक देशांत पोचला.

तो पसरवला चिलटांनी. डासाहून बारीक असं हे चिलट आजारी जनावराचं रक्त पिऊन दुसऱ्याला चावतं. मेंढी एक-दोन महिन्यांची गाभण असताना विषाणू पोटातल्या पिलाच्या मेंदूला इजा करतो. आई मात्र धडधाकट दिसते. माणसांना हा रोग झाल्याचं आढळलेलं नाही.

आपल्याकडेही अशीच चिलटं शेळ्यामेंढ्यांत नीलजिव्हा रोग पसरवतात. त्यात ताप येतो, तोंड सुजतं, जनावर लंगडतं, गाभही जातो. म्हणून गोठा कोरडा ठेवा, शेण आणि चिखल साचू देऊ नका. चिलटं तिन्हीसांजेला जास्त चावतात, तेव्हा गाभण जनावर ओलीच्या जागी बांधू नका. शेळी कधी फळली, ताप कधी आला, ते कॅलेंडरवर लिहा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. गाभ जाण्याची कारणं अनेक आहेत. त्यातला ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. कारण कळेपर्यंत पडलेल्या गाभाला, वारेला उघड्या हातानं शिवू नका. गरोदर बाईनं तर जवळही जाऊ नये. हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा. ते उकिरड्यावर टाकू नका, कुत्री ओढून नेतात. जनावर वेगळं बांधा, दूध उकळूनच प्या. आधी 1962 वर फोन करा किंवा दवाखान्यात कळवा. डॉक्टरांनी नमुना घेतला की खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

आणि गटाच्या बैठकीत सांगा. नजर लागली म्हणून गप्प बसू नका. चार घरच्या शेळ्या गाभडल्यात हे एकत्र कळलं, तरच रोग लवकर ओळखता येईल.